पंपाच्या अलीकडचा दोष

१६३८ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात गॅलिलिओचे शेवटचे मोठे पुस्तक छापले गेले. इटलीत त्याच्या लिखाणावर बंदी होती, म्हणून हस्तलिखित परमुलखात पाठवावे लागले. पदार्थांची बळकटी आणि वस्तूंची गती हे पुस्तकाचे विषय. पण पहिल्याच दिवसाच्या संवादात साग्रेदो नावाचे पात्र मध्येच एका पंपाची हकीकत सांगते. पाण्याच्या एका टाक्यावर पंप बसवलेला असतो. त्याचा दट्ट्या आणि झडप नळाच्या वरच्या टोकाला, म्हणजे पाणी खालून ढकलायचे नाही, वरून ओढून घ्यायचे. टाक्यातले पाणी एका खुणेच्या वर असेपर्यंत पंप उत्तम चाले. पाणी खुणेखाली गेले की धार बंद. साग्रेदोला वाटते यंत्र बिघडले, म्हणून तो कारागिराला बोलावतो. कारागीर पाहून सांगतो की पंपात काहीही बिघाड नाही. पाणीच फार खाली गेले आहे. वर हेही सांगतो की ओढून घेणारा पंप लहान असो की मोठा, अठरा हातांपेक्षा केसभरही जास्त उंचीवर पाणी चढवणार नाही. (फ्लॉरेन्सचा हात आपल्या हातापेक्षा लांब, त्यामुळे अठरा हात म्हणजे साधारण साडेदहा मीटर.) या कारागिराचे नाव पुस्तकात नाही. पण पंपाचा प्रवाह का तुटला याचे छापील स्वरूपात उरलेले इतके नेमके जुने निदान दुसरे सहसा सापडत नाही, आणि ते दुरुस्तीला आलेल्या माणसाने हत्यारांची पिशवी न उघडता केलेले आहे.

या निदानातला नकार मला महत्त्वाचा वाटतो. यंत्र चालत नाही म्हणजे यंत्रात दोष आहे, हा समज इतका स्वाभाविक आहे की साग्रेदोसारखा चौकस माणूसही त्याच वाटेने जातो. आजही प्रेसचा दट्ट्या संथ झाला किंवा जेसीबीचा बूम उचलायला जड जाऊ लागला की कारखान्यात पहिला शब्द ऐकू येतो तो ‘पंप गेला’. आवाज पंपातून येतो, गरम पंप होतो, किंमतही सगळ्यात जास्त पंपाचीच. संशय तिथेच जाणार. पण प्रवाहाच्या तक्रारींचा गेल्या चार शतकांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. ज्ञान पुढे सरकले ते बहुतेक वेळा कोणीतरी पंपाला निर्दोष ठरवून त्याच्या अलीकडे, म्हणजे द्रव आत येण्याच्या बाजूला पाहिले तेव्हा. पंप द्रव ओढून आणतो ही समजूतच मुळात चुकीची आहे. पंप फक्त जागा रिकामी करतो; ती भरायचे काम बाहेरचा दाब करतो, आणि तो दाब अपुरा पडला तर पंप कितीही निर्दोष असला तरी उपाशी राहतो.

हे सत्य सिद्धांताच्या रूपात येण्याआधी खाणींमध्ये वापरात होते. जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोला याचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, बाझेलला छापला गेला. त्यात खाणीतले पाणी उपसण्याच्या पंपांची सचित्र वर्णने आहेत, आणि एक रचना अशी की एकाच पाणचक्कीवर चालणारे अनेक पंप एकाच्या वर एक लावलेले: खालचा पंप पाणी मधल्या हौदात टाकतो, तिथून वरचा उचलतो. एकाच लांब नळाने सगळे पाणी वर का आणत नाहीत, याची तात्त्विक चर्चा तिथे नाही. सॅक्सनीतल्या खाणकामगारांना ती नकोच होती. टप्पे पाडावे लागतात, एवढे त्यांना ठाऊक होते.

गॅलिलिओने मात्र कारागिराचा आकडा स्वीकारला आणि कारण चुकीचे दिले. १६३० मध्ये जिनोव्हाच्या बालियानीने त्याला पत्राने विचारले होते की सुमारे वीस मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी नेण्यासाठी टाकलेला वक्रनळ का चालत नाही. गॅलिलिओचे उत्तर असे की लांब दोर टांगला तर तो एका मर्यादेपलीकडे स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसाच पाण्याचा स्तंभही तुटतो. म्हणजे दोष पुन्हा नळाच्या आतच शोधला. फक्त यंत्राऐवजी पाण्याच्या अंगी लावला. बालियानीने त्याच वर्षी उलट लिहून हवेच्या वजनाचा मुद्दा सुचवला होता, पण गॅलिलिओला तो पटला नाही. पुढची हकीकत सर्वपरिचित आहे. रोममध्ये बेर्तीने घराच्या भिंतीला लांब शिशाचा नळ उभा करून पाणी त्याच अठरा हातांच्या आसपास थांबते हे दाखवले. १६४४ मध्ये तोरिचेल्लीने पाण्याऐवजी साडेतेरा पटींहून जड असा पारा घेतला आणि तो साधारण ७६ सेंटिमीटरवर स्थिरावला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने, पेरिएने, मध्य फ्रान्समधल्या पुई द दोम डोंगरावर नळी नेली तेव्हा माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरला. डोंगर चढताना पाऱ्याचा दोर बदलला नव्हता, नळी बदलली नव्हती; डोक्यावरची हवा तेवढी कमी झाली होती.

इथे कोणी म्हणेल की मग या सगळ्या खटाटोपाने कारागिराचे काय वाढले? अठरा हातांचा नियम त्याच्याकडे आधीच होता, निदानही अचूक होते. तोरिचेल्लीने त्याला फक्त कारण दिले. आक्षेप रास्त आहे, आणि कारागिरांच्या ज्ञानाला पंडितांनी नंतर शिक्का मारण्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. पण कारण नसलेला नियम आपल्या गावाबाहेर जाऊ शकत नाही. समुद्रसपाटीला हवा पाण्याला १०.३ मीटर चढवते. पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर ही मर्यादा साधारण ९.७ मीटर होते, महाबळेश्वरच्या १३५० मीटरवर ८.८. पाणी गरम असेल तर त्याची वाफच हवेच्या दाबाशी भांडते. उकळते पाणी समुद्रकाठीही ओढून वर घेता येत नाही. त्यात नळातले घर्षण, फूटव्हॉल्व्हचा अडथळा, जाळीवरचा गाळ यांची वजावट केली की व्यवहारात सहा-सात मीटरच हाती उरतात. अठरा हातांवर विसंबलेला माणूस फ्लॉरेन्समध्ये बरोबर आणि डोंगरावर चूक ठरला असता, आणि तिथे त्याने पंपच उघडला असता.

दख्खनच्या विहिरींनी हा हिशेब रोजच्या रोज मांडला. मोटेला हवेच्या दाबाशी काही देणेघेणे नव्हते. चामड्याची पिशवी पाण्यात बुडायची, बैल धाव उतरायचे, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचे. विहीर कितीही खोल असो, प्रश्न फक्त बैलांच्या ताकदीचा. १९१० मध्ये माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणांहून पुढे पंप आणि इंजिने गावोगाव पोचू लागली, तेव्हा दहा-पंधरा मीटर खोल विहिरीच्या काठावर पंप ठेवून भागेना. तो विहिरीतच, पाण्याच्या जवळ, ओट्यावर किंवा लोखंडी चौकटीवर बसवावा लागला. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की मोटर खाली घ्यायची आणि पाऊस लागला की बुडायच्या आत वर घ्यायची, हा शेतकऱ्यांचा वार्षिक कार्यक्रमच होऊन बसला. पाणी भरून पंप सुरू करायचा, फूटव्हॉल्व्ह पाणी धरत नसेल तर तो काढून त्यात अडकलेली काडी पाहायची, पॅकिंगमधून हवा धरते का ते तपासायचे: या तपासणीत पंप उघडणे सर्वांत शेवटी येते. शाळेत न गेलेल्या माणसालाही विहिरीकाठी बहुतेक बिघाड पंपाच्या खालच्या नळात असतात हे कळत होते. कारखान्यात मात्र तेलाची टाकी पंपाला लागूनच असते, आणि मला वाटते त्या जवळिकीमुळेच तिथे हे विसरायला होते.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा इंग्लंडमध्ये आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. लहान पंपाने मोठ्या दट्ट्याखाली पाणी भरायचे आणि प्रचंड जोर मिळवायचा, ही कल्पना पास्कालच्या तत्त्वातूनच आलेली. प्रत्यक्षात दाब चढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचे आणि प्रेस पुढे सरकायची नाही. भोवतीचे पॅकिंग घट्ट आवळावे तर दट्ट्या अडकायचा, दाब सोडल्यावर खाली येईना. सैल ठेवावे तर गळती. इथे आत येणाऱ्या पाण्याचा काही प्रश्न नव्हता, दोष यंत्रातच होता. तो सुटला एका चामड्याच्या कड्याने, ज्याचे श्रेय बहुधा ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला दिले जाते. कड्याला आतून पन्हळीसारखी खोबण होती. दाबाचे पाणी खोबणीत शिरून चामड्याचा ओठ दट्ट्यावर दाबी. जितका दाब जास्त तितकी पकड घट्ट, आणि दाब सुटला की ओठ आपोआप सैल. आजच्या रबरी सीलचा ओठ याच तऱ्हेने काम करतो.

म्हणजे आतली गळती ही खरी गोष्ट आहे, आणि ती नाकारणारा माणूस दोष अलीकडेच आहे असे म्हणत वर्षभर जाळ्या धूत बसेल. पण ब्रामाच्या अडचणीचे लक्षण नीट पाहिले पाहिजे. त्याची प्रेस रिकामी असताना बिनतक्रार चाले, भार आला की थांबे. गळतीला दाब लागतो. दाबाशिवाय फटीतून फारसे काही जात नाही. उपासमारीचे तसे नाही. आत द्रवच पोचत नसेल तर भार असो वा नसो, प्रवाह सारखाच कमी. इतिहासातल्या या दोन प्रकारच्या अपयशांना वेगळे ओळखायची खूण त्यांच्यातच दिलेली आहे, आणि ती हाताशी असताना अंदाजाने पंप बदलण्याचे काही कारण उरत नाही.

यंत्राला रीतसर चाचणी घेऊन निर्दोष सोडण्याचे उत्तम उदाहरण पंपाचे नसून जहाजाच्या पंख्याचे आहे, पण दोघांची व्यथा एकच. चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही बारीक, सुमारे ३१ मीटर लांबीची नौका १८९४ मध्ये पाण्यात उतरवली. वेग वीस नॉटच्या आतच राहिला. टर्बाइन नवी, तिच्यावर अविश्वास असणारे पुष्कळ. इंजिनात दम नाही हा निष्कर्ष सगळ्यांना सोयीचा होता. पार्सन्सने इंजिन आणि पंख्याच्या मधल्या दांड्याचा पीळ मोजणारे उपकरण बसवले आणि दाखवले की शक्ती अपेक्षेप्रमाणे तयार होते आहे, हरवते ती पंख्यापाशी. पाती इतक्या वेगाने फिरत होती की त्यांच्या पाठीमागची जागा भरायला पाण्याला फुरसत मिळत नव्हती. तिथला दाब उतरून पाण्याची वाफ होत होती आणि पंखा पोकळीत फिरत होता. त्याच सुमारास ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचण्यांतही हाच प्रकार दिसला होता. पार्सन्सने लहान टाकीत, उकळीच्या जवळ तापवलेल्या पाण्यात दोन इंचांचा पंखा फिरवून, उघडझाप होणाऱ्या प्रकाशात त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे लावले, आणि १८९७ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ ३४ नॉटच्या आसपास धावली. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले याने गणिताने दाखवले की असा बुडबुडा मिटतो तेव्हा त्या बिंदूवर क्षणभर अफाट दाब निर्माण होतो. पोलादी पात्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे का पडतात, याचे उत्तर तिथे मिळाले.

तेल आले तेव्हा ही सगळी दुखणी वारशाने आली, वर दोन नवी. १९०६ च्या सुमारास ‘व्हर्जिनिया’ या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफा हलवण्यासाठी तेलावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली गेली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गिअर, व्हेन आणि पिस्टन पंपांनी कारखान्यांतून पाण्याला हुसकावले. तेल गंज येऊ देत नाही, स्वतःच वंगण करते, शून्य अंशाला गोठत नाही. पण थंडीत ते दाट होते आणि बारीक जाळीतून निघायला कुरकुरते. शिवाय नेहमीच्या हवेच्या दाबाला ते आपल्या आकारमानाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास हवा विरघळवून ठेवते. पाणी दोन टक्केच. पंपाच्या तोंडाशी दाब जरा उतरला की ही हवा बाहेर पडते. म्हणून पाण्याच्या पंपासारखी सहा-सात मीटरची चैन तेलाच्या पंपाला परवडत नाही. बहुतेक पिस्टन पंपांचे उत्पादक तोंडाशी किमान ०.८ बार निरपेक्ष दाब मागतात, म्हणजे हवेच्या दाबातला जेमतेम पाचवा हिस्सा खर्चायला मिळतो. त्यातच जाळी, कोपरे, अरुंद होज आणि टाकीची उंची सगळे बसवायचे.

आता मघाची खूण एखाद्या प्रेसवर लावून पाहू. पंप फेरीला २० घनसेंटिमीटर देतो, मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. म्हणजे मिनिटाला २८.८ लिटर. सिलिंडर १०० मिलिमीटर व्यासाचा, ३० सेंटिमीटर चालणारा. तो भरायला २.३६ लिटर तेल लागते, म्हणजे साधारण पाच सेकंद. घड्याळ लावले तर आठ सेकंद येतात: मिनिटाला सतरा-अठरा लिटरच पोचत आहेत. भार नसताना पाच आणि भारावर आठ असतील तर तेल आतल्या आत परत जाते आहे. पंपाच्या झिजेतून, सिलिंडरच्या सीलमधून किंवा रिलीफ व्हॉल्व्हच्या बसणीतून. पिस्टन पंप असेल तर केस ड्रेनची, म्हणजे पंपात आतल्या आत गळलेले तेल टाकीत परत नेणारी नळी मोजपात्रात धरली की पंपाचा वाटा कळतो. पण रिकामीही आठच सेकंद लागत असतील तर आधी मोटरचे फेरे, अर्धवट उघडा राहिलेला एखादा व्हॉल्व्ह आणि मग सगळी आत येणारी बाजू पाहायची. टाकीत तेल दुधाळ, फेसाळ दिसत असेल तर कुठूनतरी हवा शिरते आहे. दाबाच्या बाजूची गळती थेंब टाकून स्वतःची चुगली करते. सक्शनची गळती आत होते, बाहेर कोरडी ठणठणीत. जोडावर थोडे तेल किंवा ग्रीस फासले आणि पंपाचा आवाज क्षणभर बदलला तर चोर तिथेच. फेस नसेल आणि पंप एकसारखा कण्हत असेल तर जाळी तुंबली आहे किंवा तेल दाट आहे.

यावर कारखान्यातला अनुभवी माणूस जे विचारतो ते टाळता येण्याजोगे नाही. तो म्हणतो, पंप उघडला तर खरोखर झिजलेला निघाला, आतल्या पाटावर चरे आणि खड्डे होते, नवा बसवला आणि मशीन पळायला लागले. मग निदान चूक कसे? झीज खरी असतेच. पण पाटावरचे खड्डे रॅलेने हिशेब केलेल्या बुडबुड्यांचे असतील, किंवा हवेने तेलाचा थर तुटून धातू धातूला लागला असेल, तर नव्या पंपाने केवळ जुन्याची जागा घेतली आहे. त्याच्या फटी ताज्या असल्यामुळे उपासमार काही महिने लपते. दुसरा पंप पहिल्यापेक्षा लवकर गेला की दोष मालाच्या दर्जाला दिला जातो, तिसरा कंपनी बदलून घेतला जातो. झीज हे कारण आहे की परिणाम, हे नव्या पंपाच्या पहिल्या दिवसाच्या चालीवरून कळत नाही. त्यासाठी सक्शनला व्हॅक्यूम गेज लावावे लागते, आणि फार थोड्या यंत्रांवर त्यासाठी जागा ठेवलेली असते. दाबाच्या बाजूला मात्र गेज हमखास असते. यंत्र बनवणाऱ्यांनीच आपले लक्ष कुठे वेधले आहे, ते यातून दिसते.

हा दोष रचनेतूनच हद्दपार का करू नये? जिथे जीव टांगणीला असतो तिथे केला आहे. जेट विमान अकरा किलोमीटरवर उडते तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या पावपटीच्याही खाली असतो. पुई द दोमच्या माथ्यावर आठ सेंटिमीटर उतरलेला पारा तिथे साठेक सेंटिमीटर उतरला असता. अशा हवेच्या भरवशावर पंप सोडणे शक्यच नव्हते, म्हणून हायड्रॉलिकची टाकी बंद करून इंजिनातून घेतलेल्या हवेने तिच्यात दाब धरला जातो. जमिनीवर टाकी पंपाच्या वर बसवली तर तेल आपल्या वजनाने खाली येते. अनेक मोठ्या खोदयंत्रांत टाकीच्या झाकणातच झडप ठेवून आत थोडा दाब राखतात. पण त्या झाकणाच्या श्वासजाळीत धूळ बसली की उलटेच होते. सिलिंडरचे दांडे बाहेर पडतात, टाकीतले तेल खाली जाते, त्याच्या जागी हवा येऊ शकत नाही, आणि स्वच्छ तेलाने भरलेल्या, नवी जाळी असलेल्या टाकीखाली पंप कण्हू लागतो. खडी क्रशरवर चालणाऱ्या यंत्रात हे ठरलेले. म्हणून देखभालीच्या तक्त्यात ही जाळी तेलाच्या फिल्टरबरोबरच बदलायला सांगितलेली असते. ती बदलायला टाकीवर चढावे लागते, इतकेच.